बांबूच्या काड्यांवर मोजलेले अरण्य : डीट्रिश ब्रँडिस यांची जीवनकथा

१८५६ सालच्या आरंभी ब्रह्मदेशातील पेगू योमा डोंगरांत एक हत्ती सागाच्या जंगलातून वाट काढीत निघाला होता. पाठीवर एकतीस-बत्तीस वर्षांचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बसला होता. त्याच्या डाव्या हातात बांबूच्या काही काड्या आणि उजव्या हातात खिशातला चाकू होता. वाटेच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरात सागाचे झाड दिसले की तो नजरेने खोडाचा घेर अजमावी आणि त्या जाडीसाठी नेमलेल्या काडीवर एक खाच पाडी. त्या दमट हवेत कागद टिकत नसे आणि हलत्या हत्तीवर लेखणी चालत नसे. मुक्कामी पोहोचल्यावर तो खाचा मोजून आकडे वहीत उतरवी आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने पुन्हा निघे. असे कित्येक महिने चालले. त्या काड्यांवरच्या हिशेबातून जे उभे राहिले, त्याला आज भारतीय वनव्यवस्थापन म्हणतात. त्यातले पुष्कळसे गुण आणि काही दोषही तिथूनच आले.

डीट्रिश ब्रँडिस हे नाव देशभरातील वनाधिकाऱ्यांना पाठ असते. भारतातील शासकीय वनखात्याचे पहिले प्रमुख म्हणून ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतात. मात्र प्रशासक ही त्यांची ओळख इतकी ठसली आहे की, ते मुळात एक संशोधक होते आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत संशोधकच राहिले, ही गोष्ट मागे पडते. कोणती झाडे कुठे, कोणाच्या सोबतीने आणि कशामुळे वाढतात, हा प्रश्न त्यांना तरुणपणी पडला आणि त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत तो सुटला नाही. परिसंस्थाशास्त्र हे नाव रूढ होण्याच्या आधीचा तो काळ होता.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. वडील क्रिस्टियान ऑगुस्ट ब्रँडिस हे बॉन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीसचा राजा ओटो याच्या दरबारी सल्लागार म्हणून ते काही वर्षे अथेन्सला गेले, त्यामुळे डीट्रिशच्या शालेय वयाचा काही भाग तिथे गेला. पुढे कोपनहेगन, गॉटिंगन आणि बॉन येथे शिक्षण झाले. यातील पहिली दोन नावे महत्त्वाची आहेत. कोपनहेगनला योआकिम शाऊ आणि गॉटिंगनला आउगुस्ट ग्रिझेबाख हे दोघेही वनस्पतींच्या भौगोलिक वाटणीचा अभ्यास करणारे त्या काळातील अग्रगण्य विद्वान होते. हवामान, माती, उंची आणि पाऊस यांचा वनस्पतिसमूहांशी काय संबंध असतो, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. फूल उमलले की त्याचे नाव शोधायचे आणि पान दाबून कागदावर चिकटवायचे, एवढ्यावर समाधान मानणारे वनस्पतिशास्त्र ब्रँडिस यांनी शिकलेच नाही. १८४९ मध्ये ते बॉन येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करू लागले.

तिथेच राहिले असते तर त्यांच्या नावे काही निबंध आणि एखादे पाठ्यपुस्तक राहिले असते. पण १८५४ मध्ये त्यांचा विवाह रेचल यांच्याशी झाला आणि आयुष्याची दिशा बदलली. रेचल या बंगालमधील श्रीरामपूरचे विख्यात मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. त्यांचे पहिले पती योआकिम ओटो व्हॉइट हे श्रीरामपूरला राहून वनस्पतींचा अभ्यास करणारे डॉक्टर होते. रेचल यांची एक बहीण सेनापती हेन्री हॅवलॉक यांची पत्नी. या नात्याच्या धाग्याने बॉनच्या तरुण अध्यापकाचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले. डलहौसींना त्या वेळी नेमका असा माणूस हवा होता.

त्याचे कारण होते साग. जहाजबांधणीसाठी सागाला तोड नव्हती. इंग्लंडमधील ओकची जंगले विरळ झाल्यापासून नौदलाची नजर मलबार आणि ब्रह्मदेशाकडे लागली होती. पहिल्या ब्रह्मी युद्धानंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या तेनासरीम प्रांतात मौलमीनच्या व्यापाऱ्यांना रान मोकळे सोडण्यात आले आणि दोन-अडीच दशकांत तिथला चांगला साग संपत आला. १८५२ च्या दुसऱ्या युद्धानंतर पेगूही ताब्यात आले. तेनासरीमची पुनरावृत्ती पेगूत होऊ नये, असे डलहौसींना वाटत होते. ऑगस्ट १८५५ मध्ये त्यांनी जंगलांविषयीचे धोरण लेखी मांडले. पेगूतील साग ही सरकारची मालमत्ता आहे, असे त्याचे सार होते. ब्रह्मी राजांच्या काळातही साग हे राजवृक्षच मानले जात असे, त्यामुळे हा दावा तिथे अगदी परका नव्हता. जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस पेगूच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून रुजू झाले.

त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न शास्त्रीय होता. जंगलात साग किती आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि तो किती वेगाने वाढतो, हे तर त्याहून ठाऊक नव्हते. या दोन गोष्टी कळल्याशिवाय दर वर्षी किती झाडे तोडावीत, याला उत्तर नव्हते. युरोपातील वनशास्त्र एकाच वयाची, एकाच जातीची झाडे ओळीने वाढवण्यावर उभे होते. पेगूत सागाचे एक झाड दिसले की दुसरे कुठे दिसेल याचा नेम नसे. मध्ये ऐन होता, जांभा होता, बांबूची बेटे होती आणि नाव नसलेली शेकडो झाडे होती. युरोपातील कोष्टके इथे निरुपयोगी ठरत होती.

ब्रँडिस यांनी काढलेला मार्ग आज नमुना पाहणी या नावाने विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. सबंध जंगल मोजणे अशक्य. तेव्हा जंगलातून लांबच लांब पट्टे आखून घ्यावेत, त्या पट्ट्यांतील साग मोजावा आणि त्यावरून साऱ्याचा अंदाज बांधावा. झाडांचे त्यांनी घेरावरून चार वर्ग केले. सहा फूट किंवा त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांची दुसऱ्या, दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्या आणि त्याहून लहान ती चौथ्या वर्गात. त्यानंतर वाढीचा वेग. इथे सागाचा स्वभाव त्यांच्या मदतीला आला. साग कडक उन्हाळ्यात पाने झाडतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो, म्हणून त्याच्या खोडात दर वर्षाचे स्पष्ट वलय उमटते. उष्ण प्रदेशातील झाडांत वर्षवलये नसतात, असा समज त्या काळी आणि नंतरही बराच काळ होता. ब्रँडिस यांनी तोडलेल्या खोडांवरची वलये मोजली आणि सागाचे वय ठरवले. उष्ण कटिबंधातील वृक्षवलयांच्या अभ्यासाचा इतिहास लिहिणारे आजचे शास्त्रज्ञ त्यांच्यापासूनच सुरुवात करतात.

या मोजदादीतून त्यांनी अनुमान काढले की दुसऱ्या वर्गातील झाड पहिल्या वर्गात जायला सुमारे २४ वर्षे लागतात. मग हिशेब सोपा झाला. पहिल्या वर्गातील झाडांपैकी दर वर्षी चोविसावा भाग तोडावा. २४ वर्षांत ती सारी संपतील तोवर दुसऱ्या वर्गातील झाडे त्यांची जागा घेतील. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार करण्यासारखे हे होते. शेतकऱ्याला आणि सावकाराला जे कळत होते, ते जंगलाच्या बाबतीत आकड्यांनिशी मांडणारा माणूस भारतीय साम्राज्याला प्रथमच भेटला होता. चोविसाचा आकडा काही अखेरचा शब्द नव्हता. नंतरच्या मोजणीत वाढीचे वेग ठिकाणपरत्वे बदलत गेले. पण आकडा चुकला तरी रीत टिकली.

तोडीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. हिरवा साग पाण्यात बुडतो. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे कोवळे लाकूड कापून वलय पाडत. झाड उभ्या उभ्या वाळत असे. दोन-तीन वर्षांनी ते तोडून हत्तींकरवी ओढ्यात आणत आणि पावसाळ्यात ओंडके नदीवाटे शेकडो मैल खाली रंगूनपर्यंत तरंगत जात. कोणत्या झाडाला वलय पाडायचे हे वनाधिकारी ठरवील, व्यापारी नव्हे, हा ब्रँडिस यांचा आग्रह होता आणि त्याच्यावरूनच रंगून व मौलमीनच्या लाकूड व्यापाऱ्यांशी त्यांचे वाजले. सरकारने जंगलात हात घालणे म्हणजे व्यापारस्वातंत्र्यावर घाला, अशी ओरड झाली. दडपण इतके वाढले की १८६० च्या दशकाच्या आरंभी काही जंगले खासगी ठेकेदारांसाठी खुली करावी लागली. तोवर मात्र ब्रँडिस यांनी दाखवून दिले होते की काटकसरीने तोडूनही जंगल खर्चापेक्षा अधिक उत्पन्न देते. वरिष्ठांना वनस्पतिशास्त्रापेक्षा हा मुद्दा लवकर पटला.

याच काळात त्यांचे लक्ष डोंगरातील करेन लोकांच्या शेतीकडे गेले. करेन शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून जाळत, एक-दोन वर्षे भात घेत आणि पुढे सरकत. कोकणात दळी म्हणतात, कर्नाटकात कुमरी म्हणतात, तसाच हा प्रकार. ब्रह्मी भाषेत तिला टाँग्या, म्हणजे डोंगरावरचे शेत, असे नाव होते. बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांना ती नुसती नासाडी वाटे. ब्रँडिस यांनाही सागाच्या रोपांचे नुकसान खटकत होतेच, परंतु त्यांनी हेही पाहिले की जाळलेल्या उघड्या जमिनीत साग छान रुजतो. मग करेन कुटुंबांनी भाताच्या ओळींत सागाचे बी लावावे, दोन हंगाम पीक घ्यावे आणि जाताना मागे सागाची बाग ठेवून जावे, अशी व्यवस्था त्यांनी सुचवली. त्यासाठी मोबदला ठरला. पुढे ही टाँग्या पद्धत बंगाल, संयुक्त प्रांत आणि केरळसह जगभर पसरली. तिची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अनेक ठिकाणी याच पद्धतीने वनग्रामे वसली आणि त्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या हक्काविना वनखात्याची स्वस्त मजूर होऊन राहिली.

१८६२ च्या अखेरीस सरकारने ब्रँडिस यांना ब्रह्मदेशातून बोलावून घेतले. देशभर लोहमार्ग वेगाने पसरत होते आणि रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते. साग, साल आणि देवदार ही तीनच झाडे त्याला पुरी पडत. वाळवी आणि पाऊस यांमुळे बारा-चौदा वर्षांत स्लीपर बदलावे लागत. १८७० च्या दशकात दर वर्षी दहा लाखांहून अधिक स्लीपर लागतील, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासून आणि मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न १८५६ पासून वनरक्षणाचे काम करीत होते. दोघेही पेशाने डॉक्टर होते. पण अखिल भारतीय अशी यंत्रणा नव्हती. १ नोव्हेंबर १८६४ रोजी ब्रँडिस यांची वनांचे पहिले महानिरीक्षक म्हणून नियुक्ती झाली. त्याच्या आदल्या वर्षी सिमल्यात रेचल यांचे निधन झाले होते.

पुढची एकोणीस वर्षे ते देशभर फिरले. सतलजच्या खोऱ्यातील देवदार, मध्य प्रांतातील साग, अवधचा साल, राजपुतान्यातील खुरटी झुडपे, कूर्गची सदाहरित राने. या भटकंतीचे शास्त्रीय फळ म्हणजे १८७२ मध्ये त्यांनी भारतातील जंगलांच्या वाटणीविषयी लिहिलेला निबंध. देशाच्या नकाशावर त्यांनी पावसाच्या रेषा काढल्या आणि त्यांच्याशी जंगले ताडून पाहिली. वर्षाला पंधरा इंचांहून कमी पाऊस, तिथे नदीकाठ सोडला तर जंगल नाही. पंधरा ते तीस इंचांच्या प्रदेशात विरळ, काटेरी झाडी. तीसच्या पुढे पानगळीची जंगले दाट होत जातात आणि पंचाहत्तर इंचांच्या वर खरे सदाहरित अरण्य सुरू होते. आज हे शालेय भूगोलात शिकवतात, म्हणून त्यातले नावीन्य सहज लक्षात येत नाही. महाबळेश्वरच्या दाट राईतून निघून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माणदेशातील बाभळीपर्यंत पोहोचणाऱ्याला हा नियम एका दिवसात डोळ्यांनी दिसतो. पण सिंधपासून तेनासरीमपर्यंत त्याची संगती लावायला ग्रिझेबाखचा विद्यार्थीच हवा होता. १९३६ मध्ये हॅरी चॅम्पियन यांनी भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण केले आणि जे पुढे सुधारून आजही वापरले जाते, त्याच्या मुळाशी पाऊस आणि झाडी यांचा हाच मेळ आहे.

वर्गीकरणाचे कामही चालूच होते. जॉन लिंडसे स्ट्युअर्ट यांनी वायव्य आणि मध्य भारतातील वनवृक्षांचा ग्रंथ हाती घेतला होता. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. रजेवर इंग्लंडला गेलेल्या ब्रँडिस यांनी क्यू येथील वनस्पती उद्यानात बसून तो पूर्ण केला. १८७४ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

एका बाबतीत मात्र निसर्गाने त्यांच्या पिढीला धडा शिकवला. वणवा हा जंगलाचा शत्रू, ही युरोपात शिकलेली गोष्ट ब्रँडिस यांनी भारतात ठामपणे अमलात आणली. सातपुड्यातील बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले आणि तिथे कर्नल पिअर्सन यांनी वणवा रोखून दाखवला, तेव्हा ते यश देशभर आदर्श म्हणून मिरवले गेले. कोरड्या जंगलांत त्याचे फायदेही दिसले. पण ब्रह्मदेशातील ओल्या सागवनांत वर्षानुवर्षे वणवा थांबवल्यावर बांबू आणि सदाहरित झुडपे माजली, त्यांच्या सावलीत सागाची रोपे गुदमरली. १८९० च्या दशकात खात्यातलेच अधिकारी याविषयी उघड लिहू लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले वणवाबंदीचे धोरण सैल करावे लागले. करेन शेतकऱ्याच्या जाळलेल्या शेतात साग का फोफावतो, हे ब्रँडिस यांनी स्वतः पाहिले होते. त्या निरीक्षणाचा धागा त्यांनी वणव्यापर्यंत नेला नाही, हे आज आश्चर्याचे वाटते.

खरी कसोटी पुढे होती आणि ती वनस्पतिशास्त्राची नव्हती. १८६५ चा वनकायदा तोकडा होता. नव्या कायद्याचा खल सुरू झाला तेव्हा सरकारी वर्तुळात दोन टोके उभी राहिली. बेडन हेन्री बेडन-पॉवेल आणि त्यांच्या बाजूचे अधिकारी म्हणत की जंगलावर गावकऱ्यांचा हक्क असा कधी नव्हताच. होती ती राजाने दिलेली सवलत, आणि ती राजा काढून घेऊ शकतो. याउलट मद्रास सरकारचे म्हणणे असे की गावाची मालकी नसलेले जंगल जवळजवळ नाहीच, तेव्हा सरकारने त्यावर ताबा सांगणे अन्याय्य आहे. ब्रँडिस या दोहोंच्या मध्ये उभे होते. जर्मनी आणि फ्रान्समधील गावांची सामायिक जंगले त्यांनी पाहिली होती. मोक्याची, डोंगरमाथ्याची जंगले सरकारने राखावीत, पण प्रत्येक गावाला सरपण, चारा आणि लाकूड यांसाठी स्वतःचे वन असावे आणि त्याची राखण गावानेच करावी, अशी त्यांची मांडणी होती.

नेमक्या याच दिशेने बोलणारा एक आवाज पुण्यातून उठला, ही त्या काळातली एक विलक्षण गोष्ट. पुणे सार्वजनिक सभेने मार्च १८७८ मध्ये सरकारला अर्ज करून प्रस्तावित कायद्याला विरोध केला. दंड आणि बंदी यांपेक्षा गावकऱ्यांना विश्वासात घ्यावे, जंगल राखणाऱ्या गावाला बक्षीस द्यावे, असे सभेचे सांगणे होते. सिमल्यातला महानिरीक्षक आणि पुण्यातले वकील, सरदार, सावकार एकमेकांना ओळखत नसतानाही साधारण एकाच निष्कर्षाला आले होते. त्याचा उपयोग झाला नाही. १८७८ चा कायदा झाला, त्यात ग्रामवनांचे एक प्रकरण आलेही, पण ते कागदावर राहिले. अंमल झाला तो राखीव वनांचा. १८७८ मध्ये सुमारे १४,००० चौरस मैल असलेले सरकारी वन १८९० पर्यंत ५६,००० चौरस मैल राखीव आणि वर २०,००० चौरस मैल संरक्षित एवढे फुगले.

त्याचे चटके महाराष्ट्रात तत्काळ जाणवले. १८८३ मध्ये, ब्रँडिस निवृत्त झाले त्याच वर्षी, महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड पूर्ण केला. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने गिळली, दुबळ्या शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, हा त्यातील एक मोठा आक्षेप आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासी व शेतकऱ्यांचा रोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला.

या साऱ्यात ब्रँडिस यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. त्यांना निर्दोष ठरवणे कठीण आहे. कायदा झाला तेव्हा ते खात्याच्या शिखरावर होते, त्याची आखणी त्यांच्या टिपणांवरून झाली होती आणि ग्रामवनांसाठी त्यांनी पद पणाला लावले नाही. पण त्यांना नुसते साम्राज्याचे हस्तक म्हणणेही खरे नव्हे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर मद्रास इलाख्याचा दौरा करून लिहिलेल्या १८८३ च्या अहवालातही ग्रामवनांचा आग्रह त्यांनी सोडला नव्हता. कायद्यातील ते प्रकरण १९२७ च्या वनकायद्यातही तसेच उतरले आणि तसेच पडून राहिले. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये, तोही २००६ च्या वेगळ्या कायद्याने.

माणसे घडवण्याच्या कामात ते अधिक यशस्वी झाले. १८६६ मध्ये त्यांनी तरुण इंग्रजांना फ्रान्स व जर्मनीच्या वनविद्यालयांत पाठवण्याची सोय केली. विल्हेल्म श्लिख आणि बेर्थोल्ड रिबेनट्रॉप या दोन जर्मनांना भारतात आणले. पुढे दोघेही त्यांच्या जागी महानिरीक्षक झाले. १८७५ मध्ये श्लिख यांनी सुरू केलेले इंडियन फॉरेस्टर हे नियतकालिक देहरादूनहून आजही निघते. १८७८ मध्ये त्याच देहरादूनला ब्रँडिस यांनी वनविद्यालय उघडले, ते प्रामुख्याने भारतीयांसाठी. वरच्या जागांवर भारतीयांना नेमावे, असे त्यांचे मत होते आणि १८९७ मध्ये त्यांनी याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. सरकारने ते फार उशिरा, विसाव्या शतकात मनावर घेतले.

त्याच लेखनात देवरायांचा उल्लेख येतो. कूर्गमधील देवरकाडू, सेलमचे डोंगर, राजपुतान्यातील मेवाड-बांसवाड्याची राने, खासी-गारो टेकड्या अशा ठिकाणी देवाच्या नावाने राखलेली जंगले त्यांनी पाहिली होती. जिथे कुऱ्हाड लागली नाही तिथे मूळचे जंगल कसे होते हे समजते, म्हणून त्यांना त्यांचे शास्त्रीय मोल वाटे. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही आणि त्यांतील कित्येक नाहीशा होत आहेत, अशी नोंद त्यांनी केली. सह्याद्रीतील देवरायांची पद्धतशीर पाहणी त्यानंतर पाऊण शतकाने, १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केली.

१८८३ मध्ये ते बॉनला परतले. १८८७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. विश्रांती त्यांच्या स्वभावात नव्हती. भारतासाठी तयार होणाऱ्या तरुण इंग्रज वनाधिकाऱ्यांना ते युरोपातील जंगलांतून पायी हिंडवून शिकवीत. अशा भटकंतीत गिफर्ड पिंचॉट नावाचा एक अमेरिकन तरुणही सामील झाला. त्या काळी अमेरिकेत वनशास्त्र शिकवणारी एकही शाळा नव्हती. ब्रँडिस यांनी त्याला फ्रान्समधील नान्सीच्या विद्यालयात पाठवले आणि पत्रांतून वर्षानुवर्षे मार्गदर्शन केले. पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झालेल्या पिंचॉटने हे ऋण जाहीरपणे मान्य केले. पेगूच्या रानात शिकलेला धडा बॉनमार्गे अटलांटिकपलीकडे पोहोचला तो असा.

अखेरच्या वर्षांत ते पुन्हा निखळ वनस्पतिशास्त्राकडे वळले. १८९९ मध्ये बांबूंच्या जीवनक्रमावर त्यांनी टिपणे प्रसिद्ध केली. डोंगरच्या डोंगर व्यापणारा बांबू दशकानुदशके वाट पाहून एकाच वेळी फुलतो आणि मरतो, मग उघड्या पडलेल्या जमिनीवर कोण आधी उगवते, हा प्रश्न त्यांना ब्रह्मदेशापासून खुणावत होता. त्याच सुमारास भारतातील सर्व वृक्ष, झुडपे, वेली, बांबू आणि ताड यांचा एकत्रित ग्रंथ त्यांनी हाती घेतला. वय पंचाहत्तरीकडे झुकले होते आणि दुखण्याने गाठले होते. तरी क्यू आणि बॉन येथील वाळवलेल्या नमुन्यांवर ते रोज बसत. इंडियन ट्रीज १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४,४०० जातींची वर्णने त्यात आहेत. नमुन्यापलीकडे झाड कुठे उगवते, पाने कधी गाळते आणि कधी फुलते, याच्या नोंदी वाचताना लेखक त्या झाडाखाली उभा राहून गेला आहे हे जाणवते.

ग्रंथ हाती आल्यानंतर जेमतेम वर्षभराने, २८ मे १९०७ रोजी, बॉन येथे ब्रँडिस यांचे निधन झाले. ब्रँडिसिया ही वनस्पतीची एक प्रजाती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रह्मदेशातील एका उंच, जाड, जवळजवळ बिनकाट्याच्या बांबूलाही त्यांचेच नाव दिले गेले. तो कूर्गमध्ये शेतांच्या बांधांवर मोठ्या प्रमाणावर लावला जातो, आणि अलीकडे महाराष्ट्रातील बांबू लागवड करणारे शेतकरीही रोपवाटिकेत त्याची मागणी करतात, ती नुसत्या ब्रँडिसी या नावाने.